सात बातम्यांनंतर आठवी

न्यूजरूममध्ये सगळे तिला आकडेबाई म्हणत. वय तेवीस, संख्याशास्त्राची पदवी ताजी, आणि काम एकच: कोणत्या मिनिटाला किती लोकांनी वाहिनी पाहिली याचा आलेख काढायचा. बातमीशी तिचा संबंध शेजारच्या घरच्या भांडणाइतका. ऐकू यायचं सगळं, पण बोलायचं काही नाही.

त्या दिवशी सकाळी पावणेदहाला चार बंदूकधारी नोंदणी कार्यालयात घुसले. त्याच कार्यालयाच्या दप्तरखान्यात तिची आत्या कामाला होती. आत्याचा फोन लागेना. घरून आईचे सोळा फोन आले. तिने आईला दर वेळी "काही कळलं की सांगते" म्हटलं आणि हात रिकामे राहिले तर डोकं फिरेल म्हणून आलेख काढायला घेतला.

सवयीने दोन रकाने पाडले. प्रेक्षक किती, आणि पडद्यावर काय. मग कुणी न सांगता तिसरा पाडला: गोळीबार कधी. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात आवाज येत होताच, ती नुसती वेळा लिहीत गेली.

साडेअकराला तिचं पेन थांबलं. गोळीबार सहा वेळा झाला होता. त्यातल्या पाच वेळा वाहिनी दुसरीकडे वळल्यावर एका मिनिटाच्या आत! जाहिराती लागल्या, गोळ्या. खेळाच्या बातम्या लागल्या, गोळ्या. सहावा तेवढा या हिशोबात बसत नव्हता. तो झाला होता वार्ताहराने "पोलीस मागच्या फाटकाकडे निघालेत" असं सांगितल्यावर, आणि गोळ्या सुटल्या होत्या मागच्याच खिडकीतून.

"हे लोक आपल्याला बघतायत!" ती पुटपुटली. आपण नजर काढली की ते गोळ्या झाडून परत बोलावतात, आणि आपण काही सांगितलं की ते वापरतात. अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. कोडं सुटल्यावर होतो तसा. त्या आनंदाची तिला लाजही वाटली.

कागद घेऊन ती संपादकांकडे निघाली, तेवढ्यात फोन थरथरला.

"तळघरात आहोत, दप्तरखान्यात. बारा जण. त्यांना माहीत नाही. आईला सांग. आत्या."

उचलली जीभ लावली टाळ्याला! "आत्या जिवंत आहे!" ती ओरडली. "तळघरात लपलेत! बारा जण!"

न्यूजरूमचा एक रिवाज होता. कुणी बातमी आणली की दुसऱ्याने विचारायचं, "पक्कं?" आणणाऱ्याने "पक्कं" म्हटलं की ती पडद्याखालच्या पट्टीवर जायची. मध्ये कुणाची सही नाही, कुणाचा विचार नाही.

"पक्कं?" पट्टीवाल्या काकांनी मान न वळवता विचारलं.

"पक्कं! तिचाच मेसेज आहे!"

काकांनी टाइप केलं, बटण दाबलं, मशीनला कुलूप घातलं आणि हात धुवायला गेले. एकदा कुणीतरी गमतीने त्यांच्याच वाढदिवसाच्या शुभेच्छा पट्टीवर फिरवल्या होत्या. तेव्हापासून काका पाण्याला उठले तरी मशीनला कुलूप लावत.

आईला फोन लावता लावता आकडेबाईची नजर हातातल्या कागदावर गेली. हे लोक आपल्याला बघतायत. म्हणजे पट्टीही वाचतील.

पट्टीवर एका वेळी सात बातम्या फिरत. प्रत्येकी बारा सेकंद. नवी आली की सातांच्या मागे, आठवी. म्हणजे चौऱ्याऐंशी सेकंद. त्यातले किती गेले?

"काका! काका कुठे गेले?"

"हात धुवायला. का गं?" शेजारच्या टेबलावरची वार्ताहर म्हणाली.

"पासवर्ड काय त्यांचा?"

"बायकोलासुद्धा सांगत नाहीत ते!"

पडद्यावर पाचवी बातमी सरकत होती. आकडेबाई खुर्ची ढकलून काकांच्या टेबलाखाली शिरली. वायरींचं जंजाळ. काळी, काळी, करडी, पुन्हा काळी. सहावी बातमी. करडी वायर मशीनपासून थेट भिंतीत जात होती. सातवी सुरू झाली. तिने दोन्ही हातांनी ओढली. सटकन निघाली, आकडेबाई मागे आपटली, आणि पट्टी अर्ध्या वाक्यावर काळी पडली.

न्यूजरूममध्ये एकच गलका.

"कोणी केलं हे?" संपादक केबिनमधून धावत आले. "अहो, पट्टी गेली तर लोक दुसऱ्या वाहिनीकडे वळतील! आकडेबाई, तुम्ही? टेबलाखाली?"

"सर, आधी हे बघा. मग हवं तर काढून टाका."

तिने जमिनीवरच कागद पसरला. संपादक गुडघ्यावर बसले. एक बोट रकान्यांवरून फिरत खाली आलं.

"सहापैकी पाच. योगायोग असेल."

"असेलही. सहाच नोंदी आहेत, मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण मागची खिडकी बघा ना."

"मग एकदा मुद्दाम जाहिरात लावून पाहू. कळेलच."

"नाही सर!" तिचा आवाज चढला. "आत माणसं आहेत. हा प्रयोग करायचा नसतो."

संपादकांनी कागद उचलला. "बरं. बंद केलं तर गोळ्या, दाखवलं तर माहिती. करायचं काय?"

"दाखवत राहायचं. सतत. पण पंधरा मिनिटं उशिरा. वर स्पष्ट लिहायचं, ही पंधरा मिनिटांपूर्वीची दृश्यं आहेत. खोटं नाही, फक्त शिळं."

"पोलीस सकाळपासून हेच मागतायत. पण आपण शिळं दाखवलं आणि तिकडे ताजं चाललं तर उपयोग काय?"

शहरात बातम्यांच्या वाहिन्या दोनच. दुसरीचे संपादक म्हणजे यांचे सख्खे साडू. वार्ताहर पळवल्यावरून तीन वर्षं बोलणं बंद, घरच्या जेवणात दोघं दोन टोकांना बसत.

सगळी न्यूजरूम साहेबांकडे बघू लागली. त्यांनी घाम पुसला, फोन लावला.

"हॅलो. मीच. नाही, घरी सगळे ठीक आहेत... ऐक आधी. भांडण उद्या करू. माझ्याकडे एक कागद आहे, त्याचा फोटो पाठवतोय... हो. तूही पंधरा, मीही पंधरा. एक सेकंद कमी केलास तर तुझ्या बायकोला सांगेन, म्हणजे माझ्या मेहुणीला."

पलीकडून उत्तर आलं. मग साहेब हसले. "लावा पंधरा मिनिटं!"

बारा वाजून दहा मिनिटांपासून अख्खं शहर पंधरा मिनिटं मागे गेलं. जाहिरात नाही, खेळ नाही, पडद्यावर तीच इमारत. ‘उशीर लावल्यावर गोळीबार’ अशा चौथ्या रकान्यासाठी जागा ठेवून आकडेबाई कानाला हेडफोन लावून बसली. रस्त्यावरचा ताजा आवाज फक्त न्यूजरूममध्येच येत होता. दहा मिनिटं, वीस, तीस. गोळी नाही.

बारा पन्नासला एकदम धडाधड आवाज, आरडाओरडा, मग शिट्ट्या. तिने डोळे मिटले. बोटांनी टेबल घट्ट धरून ठेवलं.

फोन वाजला.

"अगं, बाहेर आले," आत्या म्हणाली. "मागच्या जिन्याने काढलं पोलिसांनी. बाराच्या बारा. आणि हे बघ, तुमच्या कॅमेरावाल्याला सांग, मला दाखवू नको म्हणावं. डोक्यात सगळी धूळ आहे."

आकडेबाईने हेडफोन उतरवून टेबलावर ठेवला. "आत्या, आधी आईला फोन कर," ती म्हणाली.

समोर पडद्यावर इमारत तशीच उभी होती, दार बंद. तिथे आत्या अजून तळघरात होती. आणि आत बंदूकधारी संपले की उरले, हे अजून कुणीच सांगितलं नव्हतं.

काकांनी ती आठवी बातमी स्वतःच्या हाताने पुसून मगच वायर परत जोडली होती. तिचा चेहरा बघून ते खुर्चीतच वळले, बोटं बटणांवर.

"काय गं? सुटले का? पक्कं?"

तिला टेबलावर चढून ओरडावंसं वाटत होतं. ओठांवर आलेला शब्द तिने दातांखाली धरला, घड्याळाकडे पाहिलं आणि आधी दहा बोटं दाखवली, मग चार.

काकांनी हात मांडीवर घेतले. "चौदा तर चौदा," ते म्हणाले, आणि दोघं पडद्यावरच्या बंद दाराकडे बघत बसले.