सुरीपुढची जाळी

मित्रांनो, कोर्टाच्या कोठीत तिसऱ्या फळीवर एक कापडी गाठोडं पडलेलं आहे. त्याला लाखेचं सील आहे आणि चिठ्ठीवर 'मुद्देमाल क्रमांक चार' असं लिहिलेलं आहे. त्यातली जुनी लोखंडी जाळी म्हणजे मी. मी कधी कुणाला साधा ओरखडासुद्धा काढला नाही. तरी मला अपराध्यासारखं वाटतं. का, ते सांगते.

एका वेल्डरने जाड तारा वाकवून, जोडून मला घडवलं आणि मी पुस्तकं बांधायच्या कारखान्यात आले. तिथल्या कागद कापायच्या मशीनवर चार स्क्रूंनी मला बसवलं. सुरीच्या आधी मी खाली यायचं आणि कामगाराचा हात बाहेर ठेवायचा, एवढंच माझं काम. ते मी चौदा वर्षं केलं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी मला बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "हिच्यामुळे इथे सगळ्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत." त्या दिवशी मी फुलून गेले होते.

कारखान्याच्या मालकांना सगळे दादा म्हणत. मशीनवर जी बाई काम करायची तिला दादांनीच हाताला धरून शिकवलं होतं. ते तिला ताई म्हणत, बाकीचे फटाफटताई. गठ्ठा ठोकून सरळ केला, सरकवला, दाबला, कापला. बघणाऱ्याची मान वळेपर्यंत पुढचा गठ्ठा तयार!

पुढे माझं वय झालं. बिजागरी कुरकुरू लागली. कागदाची कड माझ्यात अडकून फाटू लागली. कुणी तेलाचा थेंब घातला नाही, नावं मात्र सगळ्यांनी ठेवली. "ही जाळी म्हणजे नुसती कटकट आहे," हे मी रोज ऐकायची.

अशातच परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचं मोठं काम आलं. मुदत थोडी होती. दुपारी सगळे जेवायला बाहेर गेले असताना दादा स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. "चारच दिवस. मग परत बसवतो," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी चारही स्क्रू काढले आणि मला रॅकच्या मागे उभं केलं. जेवून आल्यावर ताईने विचारलं, "अरे, जाळी कुठंय?" शेजारचा म्हणाला, "दुरुस्तीला गेली असेल." आणि काम सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला ताईची किंकाळी ऐकू आली. रॅकच्या मागून दिसत काहीच नव्हतं. मशीन थांबलं आणि दादा ओरडत राहिले, "टॉवेल आणा! अरे, टॉवेल आणा कुणीतरी!"

ताईच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

पोलिसांनी मला शोधून काढलं, कापडात शिवलं आणि फौजदारी कोर्टात नेलं. मला वाटलं होतं, भांडण ताईचं आणि दादांचं. पण पुकारा झाला तो 'सरकार विरुद्ध' दादा असा. ताई तिथे फक्त साक्षीदार होती. प्रश्न होता, जाळी दादांनीच काढली का? काढली असेल तर शिक्षा, कदाचित तुरुंगही. दादांच्या वकिलांनी त्यांना बजावलं होतं, "आरोपीवर बोलायची सक्ती नसते. तोंड उघडू नका."

साक्षीच्या दिवशी ताईचा नवरा माझ्याजवळच उभा राहून तिला म्हणत होता, "तू पाहिलंस म्हणून सांग ना! काढली त्यांनीच, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"ठाऊक असणं वेगळं, पाहणं वेगळं," ताई म्हणाली. "शपथ घेऊन खोटं नाही बोलणार मी."

आणि तिने पिंजऱ्यात खरं तेच सांगितलं, "मी पाहिलं नाही." कारखान्याच्या किल्ल्या तिघांकडे असायच्या, जाळी कुणीही काढली असू शकत होती. संशय उरला आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळाला. दादा निर्दोष सुटले. कापडाच्या आत मी सगळं जाणून होते आणि मला तोंड नव्हतं.

मग ताईने दिवाणी दावा लावला. तिच्या वकीलबाईंनी तिला बाकावर बसवून नीट समजावलं, "तिथे शिक्षा द्यायची होती, म्हणून शंकेला जागा चालत नव्हती. इथे कुणी तुरुंगात जाणार नाही. तुमचं नुकसान कुणी भरून द्यायचं, एवढंच ठरायचंय. दोन्हीकडचं ऐकून कुठली गोष्ट जास्त खरी वाटते ते न्यायाधीश बघतील. आणि हा दावा तुमचा आहे. चालवायचा की मिटवायचा, ते तुम्ही ठरवायचं."

मला पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला सील फोडून मला टेबलावर ठेवलं. पिंजऱ्यात दादा होते. खूप खंगले होते. त्यांच्या वकिलांनी उत्तर घोटून घेतलं होतं, "मला माहीत नाही, एवढंच म्हणायचं."

वकीलबाईंनी विचारलं, "ही जाळी मशीनवरून कुणी काढली?"

दादा ताईकडे बघत होते. ती पाण्याच्या बाटलीचं झाकण दातांनी उघडत होती.

"मी काढली," दादा म्हणाले. "माझ्या हाताने."

त्यांचे वकील ताडकन उठले. न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं आणि दादांना म्हणाले, "विचार करून बोला. त्या खटल्यात सरकार अपील करू शकतं. हे शब्द तिथे तुमच्यावर उलटतील."

"समजतंय साहेब. सुटल्यापासून मला झोप नाही. ताई, चुकलं माझं."

ताईने बाटली खाली ठेवली आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

दावा ताईच्या बाजूने लागला. भरपाई ठरली आणि दादांनी ती मुकाट्याने दिली. पण सरकारने अपील केलंच. ताई सरकारी वकिलांकडे गेली, म्हणाली, "माझी आता तक्रार नाही. सोडा त्यांना."

ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, दावा तुमचा होता, तुम्ही मिटवू शकत होता. हा खटला तुमचा नाही. उद्या दुसऱ्या कुणाचा हात जाऊ नये म्हणून सरकार उभं आहे."

ते अपील अजून चालू आहे, म्हणून मी अजून या फळीवर आहे. मशीनवर नवी जाळी बसली आहे आणि तिला दर सोमवारी तेल मिळतं, असं ऐकते.

मित्रांनो, तुमच्या आणि इजेच्या मध्ये जे कुणी उभं असेल, ते कितीही कुरकुरलं तरी त्याला बाजूला काढू नका. घाई असेल तेव्हा तर मुळीच नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याच कोर्टात आली नाही, ती तुम्हाला सांगते. दादा स्क्रू काढत होते तेव्हा मी अडून बसू शकले असते. गंजलेले स्क्रू अडतात. पण रोजच्या बोलण्यांना मी कंटाळले होते. चौथा स्क्रू निघाला आणि मला बरं वाटलं.