कोणाला काही शंका?

प्रवचन संपलं की सासरेबुवा विचारत, "कोणाला काही शंका?" आणि उत्तराची वाट न बघता ग्रंथ मिटत. शंका विचारायची नसते, हे प्रार्थनागृहातल्या पायपुसण्यालासुद्धा ठाऊक होतं. सूनबाईला मात्र ते पटत नव्हतं. ती कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची.

त्या सकाळी सासऱ्यांनी तिला बजावलं होतं, "कॉलेजात हवा तेवढा कीस पाड. प्रार्थनागृहात तोंड उघडलंस, तर पुन्हा तिथे पाऊल टाकायचं नाही."

ते तिला फार झोंबलं, कारण ती काही नाइलाजाने जात नव्हती. प्रार्थनेत डोळे मिटले की तिला खरोखर भरून यायचं. पण देव हवा तर डोकं घरी ठेव, हा कुठला न्याय?

म्हणून त्या दिवशी ग्रंथ अर्धा मिटला असतानाच ती उभी राहिली.

"देवाला सगळं आधीच ठाऊक असतं ना, बाबा? मग आपण रोज त्याच्याकडे मागणं का मागतो?"

सभेत चुळबुळ झाली. पुढे बसलेले प्रार्थनागृहाचे चिटणीस गुरकावले, "खाली बसा! घरचीच माणसं असं करायला लागली तर..."

"नाही बसणार ती."

सासूबाई! भाजीत मीठ कमी आहे एवढंही ज्यांनी कधी चारचौघांत म्हटलं नव्हतं, त्या उभ्या होत्या. "मलाही हेच विचारायचंय. लग्न झाल्यापासून. पण यांना ग्रंथ मिटायची भारी घाई!"

कोणीतरी फिसकन हसलं. मग कोपऱ्यातल्या सुताराने हात वर केला, मग शिंपीणबाईंनी. सासरे लालबुंद झाले. आता इथलं दार बंद, असं म्हणून सूनबाईने मनातल्या मनात प्रार्थनागृहाचा निरोप घेतला.

सासऱ्यांनी ग्रंथ पुन्हा उघडला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य घरातही कोणी ऐकलं नव्हतं. "तरुणपणी मलाही हाच प्रश्न पडला होता. देव रागावेल म्हणून गप्प बसलो. आज बघतोय, देव काही रागावला नाही. रागावलो तो मीच." मग ते बसल्या जागी थोडे सरकले. "इकडे ये, सूनबाई. सगळ्यांना दिसशील अशी बस."

ती ताठ मानेने पुढे गेली. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. त्या दिवशी बोलणं इतकं रंगलं, की पहारेकरी दिवे मालवायला आला, आणि त्याला हाकलून लावलं चिटणीसांनीच. त्यांची शंका अजून राहिली होती.