पोटॅशियमचा एकोणिसावा

आईला शेवटी औषधांनी भ्रम झाला होता, या एका वाक्यावर सुइन आणि तिचा धाकटा भाऊ चेंगयू तग धरून होते. ताइनान शहरातल्या इस्पितळात आई ‘मला घरी न्या’ म्हणत राहिली. शेवटचा श्वास आपल्या उंबऱ्याआत सुटावा, हे तिथे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. डॉक्टरही आडकाठी करत नाहीत. तरी दोघांनी नेलं नाही. भ्रमातल्या माणसाचं कुठे ऐकत बसायचं?

दुखवटा सरल्यावर सुइन कामावर परतली. ती पाट्या आणि भिंती रंगवायची. आई जिथे रसायनशास्त्र शिकवायची, त्याच शाळेच्या जिन्यात तिने अणू रंगवले होते. वरून रोगण द्यायचं तेवढं राहिलं होतं. दोन मुली जिना झाडत होत्या.

“काकू, हा पोटॅशियम तुमचाच ना?” एकीने केरसुणी भिंतीला टेकवली. “भलताच खादाड आहे हो! तिसऱ्या कड्यात नऊ इलेक्ट्रॉन गिळून बसलाय.”

“त्यात अठरा मावतात,” सुइन म्हणाली. तिने पुस्तकात तसं वाचलं होतं.

“मावतात हो, पण याचे बसत नाहीत ना! एकूण एकोणीस. दोन, आठ, आठ, आणि उरलेला एकटा बाहेर, चौथ्या कड्यात. आमच्या वर्गातला ढ म्हणजे ढ पोरगाही सांगेल.”

“गप गं,” दुसरीने तिला कोपराने ढोसलं. “लियाओबाईंची मुलगी आहे ती.”

“अगं आई गं! बाईंच्याच घरात नऊ?”

सुइन हसली नाही. याच चित्राचा फोटो तिने आईला इस्पितळात, खाटेवर दाखवला होता. आई बराच वेळ बघत राहिली होती.

“त्याला बाहेर काढ. आत जागा असली तरी तो आत राहत नाही.”

“कुणाला, आई?”

“त्या शेवटच्याला. आणि मला घरी ने.”

‘हो, हो’ म्हणत सुइनने तिचं तोंड पुसलं होतं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या चेंगयूला सांगितलं होतं, “काहीबाही बरळतेय. औषधांनी भ्रम झालाय.” त्या दोघांत भ्रम हा शब्द पहिल्यांदा तिनेच उच्चारला होता.

मुली गेल्यावर तिने नववा ठिपका रंगाने बुजवला, बाहेर चौथं कडं ओढलं आणि त्यावर एकच ठिपका ठेवला. रोगण न लावताच ती घरी आली.

संध्याकाळी चेंगयू मासळीची पेज घेऊन आला. आईच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून तो जेवायला बसला.

“ताई, भिंत झाली का?”

“झाली.”

“आईला आवडली असती. तिला फोटोसुद्धा उमगला नाही बघ. एका परीने बरंच झालं. ते घरी-घरी करायची, तेही तिला कळत नसेल. नाही का गं?”

तो तिच्याकडे बघत थांबला. रोज थांबायचा तसाच.

“नसेल,” सुइन म्हणाली, आणि मासळीचा पोटाकडचा बिनकाट्याचा तुकडा तिने त्याच्या वाडग्यात टाकला.