अंबाड्यातला आकडा

“लंकाबाई, नाक घेऊन या जरा.”

शेजारच्या लंकाबाई लसूण सोलता सोलता उठून आल्या. कोणाच्या घरी डाळ करपली हे जिन्यातून सांगणारं त्यांचं नाक. कॉलनीत त्याला मान होता. चांगुणाबाईंनी त्यांना हॉलमध्ये घेतलं आणि बोलायच्या आधीच ओठांवर बोट ठेवलं. समोरच्या भिंतीवरून कॅमेरा बघत होता.

लंकाबाईंनी दोनदा हुंगलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

“मिरची नाही, दूध नाही. वायर आहे. तुमच्या साहेबांचा डबा जळतोय.”

“हळू! ऐकतो तो.”

“कोण, डबा?”

“अश्विन.”

डबा ही चांगुणाबाईंच्या नवऱ्याची, कोंडाजींची कमाई. एका सरकारी कचेरीत जुन्या फायली सांभाळत त्यांनी नोकरी काढली. त्यांना दोन गोष्टींची भीती वाटे: विजेची, आणि न विचारता घडणाऱ्या कुठल्याही गोष्टीची. बोर्डावर पालींसारखे चिकटलेले अडॅप्टर गरम तर झाले नाहीत ना, हे झोपण्यापूर्वी एकेकाला हात लावून बघणारा हा माणूस. शेवटी त्यांनी भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय घरी आणला. आत भिंतीतली वीज घ्यायची आणि बाहेर बेताची सोडायची, असा पंखा लावलेला पत्र्याचा डबा. पिवळ्या वायरीवर बारा व्होल्ट: राउटर, कॅमेरा, दारावरची बेल. लाल वायरीवर पाच: रेडिओ आणि बुद्धांच्या फोटोपुढची निळी माळ. सगळे अडॅप्टर गेले, एक डबा आला. भीती कमी झाली नाही, एका जागी गोळा झाली. पण कोंडाजींच्या हिशेबात ती बचतच होती.

कॉम्प्युटरमधून काढल्यावर हा डबा आपणहून सुरू होत नाही. त्याची हिरवी वायर काळीला जोडावी लागते. तिथे बटण बसवायला कोंडाजी तयार नव्हते. “बटणाला कुणाचाही हात लागतो.” त्यांनी बायकोच्या अंबाड्यातला एक आकडा मागून घेतला आणि त्याची दोन टोकं हिरव्या-काळ्याच्या तोंडात खोचली. भिंतीतला प्लग तर स्वयंपाकघरातल्या जड कपाटामागे गेला, त्याच कारणाने.

“चांगुणा, पत्रा उघडायचा नाही. बंद केल्यावरही आत करंट दडून बसतो. अगदी अडलंच, तर आकडा काढ.”

गेल्या वर्षी ते गेले. आकडा तिथेच राहिला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकताच अश्विन आईला पुण्याला न्यायला निघाला होता. रडारड होऊन तडजोड झाली. दारावरचा कॅमेरा हॉलमध्ये आला. तो चालू तोवर आई इथे. बंद दिसला की अश्विन गाडी घेऊन येणार आणि फ्लॅटला कुलूप. या व्यवस्थेत काळजी किती आणि सोय किती, याची वजाबाकी चांगुणाबाईंनी कधी केली नाही. लंकाबाईंनी पहिल्याच दिवशी केली होती.

“लाइट गेली म्हणून सांगा आणि काढा तो आकडा,” लंकाबाई कुजबुजल्या.

“मागं खरंच गेली होती, तर त्यानं तुमच्या लेकीला फोन लावून विचारलं, तुमच्याकडं आहे का म्हणून.”

“पोरगा आहे का फौजदार?”

तेवढ्यात हॉलमधल्या कॅमेऱ्यातून अश्विनचा आवाज आला. “आई, सारखी स्वयंपाकघरात काय जातेस? लंकाकाकू कशाला आल्यात?”

चांगुणाबाई लगबगीने कॅमेऱ्यापुढे गेल्या. “काही नाही रे. लसूण मागायला आल्या.”

लंकाबाईंनी हातातला मूठभर लसूण पदराखाली लपवला.

“बरं. गोळी घेतली?”

“घेतली.”

कॅमेरा गप्प झाला. आणि पाठोपाठ कपाटाशेजारची घरघरही थांबली. डब्याचा पंखा. वर्षभर तो आवाज ऐकत चांगुणाबाई झोपल्या होत्या. घरात कोणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं. त्या आत धावल्या, तर पत्र्याच्या फटीतून धुराची बारीक रेघ वर निघाली होती.

“अहो बाई, काढा!”

चांगुणाबाईंचा हात पुढे गेला, परत आला. आकडा काढला तर घर जाणार, नाही काढला तर घर जळणार. त्यात करंट कुठे दडलाय कोण जाणे. त्यांनी तळवा पदराला खसखसून पुसला, डोळे मिटले आणि ओढला.

आकडा थंडगार होता.

निळी माळ विझली. राउटरचे दिवे गेले. कॅमेऱ्याचा लाल ठिपकाही गेला. लंकाबाई मेन पाडायला खाली मीटरपाशी धावल्या. त्या धापा टाकत वर आल्या तेव्हा धूर विरत होता आणि मोबाइल वाजत होता.

“आई! कॅमेरा का बंद?”

लंकाबाई हातवारे करत होत्या. लाइट, लाइट म्हणा.

“मी केला बंद,” चांगुणाबाई म्हणाल्या. “पप्पांच्या डब्यातून धूर आला. आकडा काढला.”

“तू? हात लावलास? आई, मी निघतोय. कपडे भरून ठेव.”

“ये. जेवायलाच ये. आणि येताना दोन अडॅप्टर आण. राउटरला एक, बेलला एक.”

“आणि कॅमेऱ्याला?”

चांगुणाबाईंनी विझलेल्या कॅमेऱ्याकडे पाठ केली.

“येतो,” अश्विन म्हणाला आणि फोन ठेवला. काय ठरवून येतो, ते कळलं नाही.

“काय म्हणाला?” लंकाबाईंनी विचारलं.

“येतोय.”

लंकाबाईंनी पदराखालचा लसूण ओट्यावर ठेवला. “घ्या. मागायला आले होते, देऊन चालले.”

त्या गेल्यावर चांगुणाबाईंनी केस सोडले, पुन्हा अंबाडा घातला आणि तो आकडा खोचला. इतकी वर्षं ताणून बसलेला. धरेना, सारखा सरकायचा. त्यांनी तो पुन्हा आत दाबला. मग बेल वाजणार नाही हे आठवून दार सताड उघडलं आणि खुर्ची दारातच ओढून बसल्या.