पाण्याचा म्हणून विकलेला ड्रम

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे, दोनशे लिटरचा. माझी गोष्ट गोड नाही, पण मी ती सांगणारच.

एका कारखान्यात माझ्यात कीटकनाशक भरले. मातीत पडले तरी वर्षानुवर्षे न विरणारे ते विष. दोन वर्षे मी ते वाहिले आणि ते माझ्या प्लास्टिकच्या अंगात मुरले. "मजबूत गडी आहे!" असे कामगार म्हणत, तेव्हा मला कोण आनंद व्हायचा!

मग मी भंगारात गेलो. भंगारवाल्याने माझ्यावरची कवटीची खूण खरवडली, मला साबणाने धुतले आणि हिंजवडीतल्या एका बांधकामावर विकले. ठेकेदार महिपतीने मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांपुढे मला पिण्याच्या पाण्यासाठी उभे केले.

वाशिमहून आलेली कौशल्या तिथे विटा वाहायची. तिची सहा वर्षांची सोनू माझेच पाणी प्यायची. उन्हात मी तापलो की विष पाण्यात उतरे. मला कळत होते, पण ओरडता येत नव्हते. सोनूला मळमळू लागले. पुढे तिचे हात इतके थरथरू लागले, की पाटीवर रेघ सरळ येईना.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नेमके विचारले, "पाणी कशात भरता?" ड्रमावरची खरवडलेली खूण, पाण्याला येणारा औषधाचा वास, सगळे ऐकून त्या म्हणाल्या, "हे कीटकनाशकाचं विष दिसतंय. ते अंगात साठतं, लवकर जात नाही. तो ड्रम आजच बंद करा."

कौशल्या तडक माझ्यातल्या पाण्याचा पेला भरून महिपतीपुढे उभी राहिली.

"धुऊन घेतलाय तो," महिपती म्हणाला.

"मंग प्या न साहेब."

"माझी बाटली आहे."

"तुमच्या लेकराले पाजसान का?"

महिपतीने पेला बाजूला सारला. म्हणाला, "पटत नसेल तर काम सोड."

"मी एकटी नाही सोडत," ती म्हणाली. तिच्या मागे चाळीस जणांनी घमेली खाली ठेवली होती.

दुपारपर्यंत पाण्याची नवी टाकी आली. सोनूची थरथर आता कमी झाली आहे, गेलेली नाही. दर महिन्याला तिला दवाखान्यात जावे लागते.

टाकी आली त्याच संध्याकाळी भंगारवाला मला न्यायला आला. "दुसरीकडे खपेल," म्हणाला. कौशल्याने पहार उचलली आणि माझ्या अंगाला सात भोके पाडली. "आता खपव!" मित्रांनो, दुखले, पण इतका मान मला कारखान्यातही मिळाला नव्हता.

आता मी घातक कचऱ्याच्या कोठारात पडून आहे. ड्रम घेताना त्यात आधी काय होते, ते विचारा. विकणारा चाचरला, तर घेऊ नका. आणि मला ठिगळ लावायला कोणी आलाच, तर त्याला बजावा: ही भोके बुजवायची नाहीत.