सहातले दोन कप

आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी ती स्टुलावर उभी राहून काचेचं कपाट पुसत होती. डाव्या हाताने. सगळंच ती डाव्या हाताने करायची. तिची शिवणाची कात्रीसुद्धा डावखुरी होती, आणि घरात दुसऱ्या कुणाच्याही हातात ती धड चालायची नाही.

"कोणी राजाबिजा येतोय का चहाला?" लेकीने खालून विचारलं. ग्रंथालयातून ती परस्पर इकडे आली होती आणि टवका उडालेल्या जाड मगातून चहा पीत होती.

"आलाच तर पंचाईत नको."

कपाटात चिनी मातीचा सेट होता. सहा कप, सहा बशा, एक किटली, आणि सगळ्यांना केसाएवढी बारीक सोनेरी कड. आईला तो तिच्या मावशीने दिलेला. लेकीने तो बाहेर निघालेला कधी पाहिला नव्हता. तिला नोकरी लागली तेव्हा नाही, जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हाही नाही. त्या बिचाऱ्याने तर मगाला कान नाही म्हणून बोटं भाजून घेतली होती. सात वर्षांची असताना ती एकदा कपाटाला नाक लावून उभी होती. आईने न विचारताच उत्तर दिलं, "मोठी झालीस की." लेक मोठी झाली, केस पिकायला लागले, तरी कपाटाची कडी काही निघाली नाही.

"न्यायचाय का तुला हा?" आईने पाठमोरीच विचारलं. वर्षातून दोनदा तरी ती हे विचारायची.

"छे गं! धुवत कोण बसणार? तुझा राजा?"

"बरं," म्हणून आई स्टुलावरून उतरली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती झोपेतच गेली.

दोन महिन्यांनी बाबांनी लेकीकडे राहायला यायचं ठरलं. कोपऱ्यावरचं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांनी आधीच बंद केलं होतं, आता घरही आवरायचं होतं. लेकीने जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला बोलावलं. सेटचं काय, असं तो विचारायच्या आत तीच म्हणाली, "न्या. आमच्याकडे कुणालाच नकोय." बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

दुकानदाराने एकेक कप उजेडाकडे धरला. चार बाजूला ठेवले. उरलेले दोन फिरवून फिरवून पाहिले.

"बाई, हा वापरातला सेट आहे."

"एकदाही वापरलेला नाही. शपथेवर सांगते!"

"चार कोरे आहेत. हे दोन रोजचे." त्याने कडेवर बोट ठेवलं. ओठ टेकतात तिथलं सोनं पुसून गेलं होतं. "एक उजव्या हाताने पिणाऱ्याचा. दुसऱ्याची कड उलट्या बाजूने झिजलीय. हे माणूस डावखुरं."

लेकीने सावकाश मान वळवली.

"बाबा."

"दुपारी तीनला," खिडकीशी बोलावं तसे बाबा म्हणाले. "दुकानातून मी यायचो. तू शाळेत जायला लागलीस तेव्हापासून."

"इतकी वर्षं? रोज?"

"रविवार सोडून. रविवारी तू घरी असायचीस."

लेकीला हसू फुटलं. आवरलं तरी आवरेना. जावयाची भाजलेली बोटं, तिचा टवक्याचा मग, आणि इकडे हे दोघं राजाराणी! "आणि मला? मला का नाही कधी बोलावलंत?"

"दोनच काढायचे, असा तिचा कायदा. उरलेले चार तुझ्यासाठी. ते कोरेच राहिले पाहिजेत म्हणायची." बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "पण ती विचारायची आणि तू नको म्हणायचीस. मी म्हटलं, देऊन टाक. तर म्हणे, नको असलेलं कापड मी कुणाच्या अंगावर चढवत नाही. हवाय म्हणाली की त्याच दिवशी तिच्या घरी पोचवीन. दर वेळी तू गेलीस की धुतलेले कप परत पुसायची. म्हणायची, मागेल, आज ना उद्या मागेल."

दुकानदाराने एकदा या दोघांकडे पाहिलं आणि कपांना गुंडाळायला आणलेले कागद परत पिशवीत भरायला लागला.

लेकीने झिजलेला कप उचलला. डाव्या हातात धरला, आईसारखा. तो अवघडल्यासारखा वाटला, कात्रीसारखाच. कपाटाची काच अजून लखलखीत होती. त्या काचेकडे बघत, दुकानदार ऐकतोय याची पर्वा न करता, ती मोठ्याने म्हणाली,

"आई, मला हवा होता गं. सात वर्षांची होते तेव्हापासून हवा होता."