डाव्या हाताचा चमचा

मी वाकडी सुरी बोलतेय. हो, वाकडीच! नाक मुरडू नका. सरळ सुरीने चमच्याचा दांडा तासता येतो, पण त्याची खोलगट वाटी कोरायची वेळ आली की भल्याभल्यांना माझीच मनधरणी करावी लागते. माझं पातं गळासारखं वळलेलं आहे आणि जीभ जरा धारदार आहे, त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीतला. त्याआधी मी एक झिजलेली, कुणाला नको असलेली कानस होते. लोहाराने मला लालबुंद तापवलं, ठोकून ठोकून वाकवलं आणि तेलात बुडवलं. जीव नकोसा झाला होता, खोटं कशाला बोलू! मग चमचेवाल्या दादांनी मला घरी आणलं आणि अक्रोडाच्या लाकडाची मूठ बसवली. त्यांच्या अंगठ्याने ती मूठ घासून घासून अशी गुळगुळीत झाली की मी त्यांचंच सहावं बोट आहे असं मला वाटायला लागलं.

काय दिवस होते ते! दादा ओल्या लाकडातच काम करायचे. अर्धवट कोरलेला चमचा एकदम सुकून तडकू नये म्हणून ते तो खोक्यात, त्याच्याच ढलप्यांखाली पुरून ठेवायचे. वहिनी, म्हणजे दादांची बायको, केर काढता काढता म्हणायची, "चमच्यांना पांघरूण घालता, आणि मी थंडीने कुडकुडले तरी तुमचं लक्ष नसतं!" दादा गालातल्या गालात हसायचे आणि ढलपे आणखी सारखे करायचे.

रविवारी दुपारी मागच्या शेडमध्ये मंडळी जमायची. रिटायर झालेला पोस्टमन, कोपऱ्यावरची शिंपीणबाई, दवाखान्यातली नर्सताई. दादांनी सगळ्यांना एकच वेड लावलं होतं, चमचा पातळ झाला पाहिजे. वाटी कोरून झाली की ती खिडकीसमोर धरायची आणि लाकडातून उजेड झिरपतो का ते बघायचं. नाही झिरपला तर दादा म्हणायचे, "अजून एक पापुद्रा काढ." त्या एका पापुद्र्यानेच घात व्हायचा. वाटीला आरपार भोक पडायचं आणि सगळे ओरडायचे, "गेला, गेला! खिडकी झाली!" बिचारा पोस्टमन तर भोकांसाठीच प्रसिद्ध होता. वहिनी चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "एवढ्या जणांना मिळून एक धड चमचा होत नाही!" पण स्वतः तिने मला कधी हात लावला नाही.

आणि एका सकाळी दादांची उजवी बाजू गेली.

दवाखान्यातून ते घरी आले, पण उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. बोलणं जड झालं होतं. त्यातून दादांनी खाणं सोडलं. वहिनी स्टीलचा चमचा ओठांपाशी न्यायची, ते तोंड फिरवायचे. "अहो, दोन घास. माझ्यासाठी." नाहीच. साऱ्या गावाला चमचे पुरवणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या हातून भरवून घ्यायची लाज वाटत होती. डाव्या हाताने खायला जावं तर चमचा मुठीत फिरायचा आणि सगळं छातीवर सांडायचं. डॉक्टर सांगून गेले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. ते ऐकून वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी शेडमध्ये खुंटीवर लटकत होते, पण भिंत पातळ आहे, सगळं ऐकू येतं.

मंडळींनी ठरवलं, प्रत्येकाने दादांसाठी एक चमचा करायचा. काय जीव ओतला त्यांनी! पोस्टमनच्या वाटीलासुद्धा या वेळी भोक पडलं नाही. दादांना शेडमध्ये आणून बसवलं, तेव्हा त्यांनी एकेक चमचा डाव्या हाताने खिडकीसमोर धरला. उजेड झिरपत होता. त्यांचे डोळे भरून आले. मग नर्सताईने सूप पुढे ठेवलं. दादांनी चमचा बुडवून उचलला, तो काडीसारखा दांडा मुठीत गर्रकन फिरला आणि सूप मांडीवर सांडलं. दादांनी चमचा ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी जे शिकवलं तेच सगळ्यांनी मन लावून केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादांचा डोळा लागला तेव्हा वहिनी शेडमध्ये आली. हातात मळलेल्या कणकेचा गोळा होता. तो तिने दादांच्या डाव्या मुठीत दाबून घेतला होता. बोटांचे ठसे त्यावर स्पष्ट दिसत होते. गोळा समोर ठेवून आधी तिने सरळ सुरीने दांडा तासला. मग मला उचललं. मी घाबरलेच! ही बया मला बटाटे सोलायची सुरी समजते की काय? तिने मला लाकडाच्या रेषांच्या उलट रेटलं, मी अडकले, निसटले आणि तिच्या अंगठ्यात घुसले. तिने चिंधी बांधली आणि पुन्हा बसली.

चमचा झाला तो असा की काय सांगू! दांडा आखूड, जाडजूड, ठशांबरहुकूम खळगे पाडलेला. वाटी आतल्या बाजूला, तोंडाकडे वळलेली. शिंपीणबाई डोकावली. "वहिनी, अहो हा चमचा आहे की मुसळ? आणा, जरा बारीक करून देते."

"हात लावशील तर बघ!" वहिनी म्हणाली.

संध्याकाळी तिने मऊ भात वाढला, ताटात तो चमचा ठेवला आणि मुद्दाम पाठ करून शेंगा सोलत बसली. मला परत टांगायचं राहून गेलं होतं, मी तिच्या स्वेटरच्या खिशात होते. ओंजळभर शेंगा सोलून झाल्या. मग लाकूड ताटाला लागल्याचा आवाज झाला. काहीतरी सांडलं. वहिनीचे हात थांबले, पण तिने वळून पाहिलं नाही. पुन्हा आवाज झाला, पुन्हा झाला.

"वाढ," दादा म्हणाले.

"काय म्हणालात?"

"वाढ अजून." जड जिभेने एकेक शब्द ओढत ते म्हणाले, "आणि चमचा कसला केलायस! लाकूड फुकट मिळतं का?"

"नावं ठेवायची असतील तर गिळू नका!" वहिनी ओरडली. ती हसत होती की रडत होती, देव जाणे. खिशात मी तिच्याबरोबर हलत होते.

नळी लागली नाही. दादा पुढे कितीतरी महिने आपल्या हाताने जेवले आणि गेले. मला त्यांची आठवण येते. रविवार दुपार झाली की फार येते.

आता माझं पातं धार लावून लावून बारीक झालंय. वहिनी माझ्याकडून जाडच चमचे कोरून घेते. थरथरणाऱ्या हातांसाठी, आखडलेल्या बोटांसाठी. नर्सताई दवाखान्यातून कणकेचे गोळे घेऊन येते, त्यांवर अनोळखी मुठींचे ठसे असतात. मी अजून काही दिवस पुरेन, मग मोडेन. त्याचं एवढं वाईट वाटत नाही. फक्त एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी जेवायला नाही म्हणत असेल, तर त्यांच्यावर ओरडण्याआधी एकदा त्यांचा हात हातात घेऊन बघा.